वेब सर्व्हरची नातीगोती : पॅकेजे, आवृत्त्या आणि त्यांची जुळणी

साहित्याच्या व्याख्यानमालेत वेब सर्व्हरचा विषय कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या संस्थांनी गेल्या वीसेक वर्षांत आपले बरेचसे धन संकेतस्थळांवर नेऊन ठेवले आहे. जुन्या अंकांच्या सूची, वार्षिक व्याख्याने, स्मरणिकांतील लेख, दिवंगत सभासदांची चरित्रे, ग्रंथालयाची यादी असे ते धन आहे. यांतील पुष्कळ मजकुराच्या छापील प्रती मुळातच थोड्या निघालेल्या असतात. काही मजकूर तर छापलाच गेलेला नसतो, तो फक्त संकेतस्थळावर असतो.

छापील पुस्तक वाळवी आणि ओल यांपासून जपून कपाटात ठेवले, की पन्नास वर्षे कोणी उघडले नाही तरी चालते. संकेतस्थळाचे तसे नाही. ते ज्या यंत्रावर राहते, त्यातील प्रोग्रॅम सतत बदलत असतात. ते बदलले नाहीत तर जुन्या चुकांमधून चोर आत शिरतात. बदलले तर कधी कधी मजकूरच दिसेनासा होतो. ‘अपडेट केले आणि साइट बंद पडली’ हे वाक्य बऱ्याच कार्यकारिणींनी ऐकलेले असते आणि त्यावर ‘मग अपडेटच नको’ असा ठरावही पुष्कळ ठिकाणी होतो. हा ठराव का चुकीचा आहे आणि अपडेटने साइट मुळात बंद का पडते, हे समजावून सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आपण तंत्रज्ञ होण्याची गरज नाही. तंत्रज्ञाला योग्य प्रश्न विचारता आले, तरी पुष्कळ झाले.

एका पानामागचे मजले

आपण मोबाइलवर संस्थेचे एखादे पान उघडता तेव्हा दूर कोठेतरी असलेल्या एका संगणकाकडे मागणी जाते. तो संगणक बहुधा लिनक्सवर चालत असतो. लिनक्स म्हणजे लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेले कर्नल, म्हणजे यंत्राचा सर्वांत आतला कारभारी. त्याच्यावर मूलभूत कामे करणारी जीलिबसी नावाची लायब्ररी असते. येथे ‘लायब्ररी’ म्हणजे ग्रंथालय नव्हे. अनेक प्रोग्रॅमना लागणारे समाईक काम एकदाच लिहून ठेवलेले असते, त्याला लायब्ररी म्हणतात. घरोघरी वेगळे जाते ठेवण्याऐवजी गावात एक गिरणी असावी, तसा हा प्रकार.

त्याच्या वरच्या मजल्यावर वेब सर्व्हर बसतो. मागणी स्वीकारणे आणि पान पाठवणे हे त्याचे काम. दोन नावे आपल्या कानावर येतील. एक अपाचे, जो १९९५ मध्ये काही संकेतस्थळ-चालकांनी मिळून सिद्ध केला; दुसरा एन्जिनएक्स, जो इगोर सिसोएव्ह या रशियन तंत्रज्ञाने २००४ मध्ये खुला केला. आपले संकेतस्थळ वर्डप्रेससारख्या साधनावर असेल, तर पान तयार करणारी पीएचपी ही भाषा आणि मजकूर साठवणारा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस असे आणखी दोन मजले येतात. सर्वांत वर आपला मजकूर.

हे मजले एकाच गवंड्याने बांधलेले नाहीत. प्रत्येकाची मंडळी वेगळी, वेळापत्रक वेगळे, बदलाची कारणे वेगळी. तरीही ते एकमेकांवर अचूक बसले पाहिजेत. अडचणीचे मूळ येथे आहे.

पॅकेज आणि अवलंबन

लिनक्सच्या आरंभीच्या काळात एखादा प्रोग्रॅम बसवायचा म्हणजे त्याचा मूळ मजकूर आणून आपल्या यंत्रावर स्वतः घडवावा लागे. त्याला लागणारी लायब्ररी नसेल, तर ती आणायची. तिला आणखी दुसरी लागत असेल, तर तीही आणायची. यातून सुटका करण्यासाठी ‘वितरण’ ही कल्पना रुजली. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन सुरू केले. रेड हॅटने आपली आरपीएम ही पद्धत १९९५ च्या सुमारास आणली. वितरण करणारी मंडळी हजारो प्रोग्रॅम गोळा करतात, ते एकमेकांशी जुळतात की नाही हे तपासतात आणि प्रत्येकाचे एक बांधलेले गाठोडे करतात. या गाठोड्यालाच पॅकेज म्हणतात. २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये अशी ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती.

प्रत्येक पॅकेजावर एक चिठ्ठी असते. त्यात पॅकेजाचे नाव आणि आवृत्ती असते. चालण्यासाठी त्याला कोणती पॅकेजे लागतात, किमान कोणत्या आवृत्तीची लागतात आणि कोणाशी त्याचे जमत नाही, हेही लिहिलेले असते. डेबियनवरील अपाचेचेच पाहा. त्याला एपीआर ही त्याच्याच घरची लायब्ररी लागते. पत्त्यांतील अक्षरांचे नमुने ओळखण्यासाठी पीसीआरई लागते, मजकूर दाबून लहान करण्यासाठी झेडलिब लागते आणि सुरक्षित संपर्कासाठी ओपनएसएसएल लागते. या प्रत्येकीला पुन्हा जीलिबसी लागते. आपण ‘अपाचे बसव’ एवढेच सांगतो. तो मात्र वऱ्हाड घेऊन येतो.

हे वऱ्हाड जुळवण्याचे काम करणारा प्रोग्रॅम म्हणजे पॅकेज व्यवस्थापक. डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूवर तो एपीटी. रेड हॅटच्या घराण्यात पूर्वी यम होता, आता डीएनएफ आहे. त्याचे काम वाटते तितके सोपे नाही. लग्नाच्या पंगतीत अमुक आत्या यायच्या तर त्यांच्या जाऊबाई हव्यातच, पण जाऊबाई आल्या तर तमुक काका येणार नाहीत, आणि काकांशिवाय मुहूर्त होणार नाही, अशा अटी शेकड्यांनी असाव्यात तसे ते असते. अशा सर्व अटी पाळणारी जुळणी शोधणे हा गणितातील अवघड प्रश्नांच्या वर्गात मोडतो, हे सिद्ध झालेले आहे. व्यवहारात हे व्यवस्थापक बहुतेक वेळा काही क्षणांत उत्तर काढतात, कारण वितरणाच्या मंडळींनी बहुतेक भांडणे आधीच मिटवून ठेवलेली असतात.

एक गोष्ट येथे पक्की लक्षात ठेवावी. जुळणी शक्य नाही असे व्यवस्थापक सांगतो तेव्हा तो अडवणूक करत नसतो, आपल्याला सावध करत असतो. अशा वेळी ‘जबरदस्तीने बसव’ असा हुकूम देण्याची सोय आहे. ती वापरून निघालेला मार्ग पुढच्या प्रत्येक अपडेटच्या वेळी पुन्हा आडवा येतो. उलट, काही वेळा व्यवस्थापक ‘हे बसवण्यासाठी पुढील पॅकेजे काढून टाकत आहे’ असे सांगून यादी दाखवतो आणि संमती मागतो. ती यादी न वाचता ‘हो’ म्हटल्यामुळे डेटाबेससकट सगळे उतरवले गेले, असेही घडू शकते. यादी वाचायला एक मिनिट पुरते.

आवृत्तीचे अंक काय सांगतात

आपण सारे पुस्तकांच्या जगातले. ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांतील फरक आपल्याला सांगायला नको. शुद्धिपत्र जोडलेल्या पुनर्मुद्रणात पृष्ठांक तेच राहतात. सुधारून वाढवलेल्या आवृत्तीत ते बदलतात. एखाद्या टीकाग्रंथात ‘पाहा, दुसरी आवृत्ती, पृष्ठ ११२’ असा संदर्भ असेल आणि वाचकाच्या हाती तिसरी आवृत्ती असेल, तर त्या पानावर भलतेच प्रकरण निघते. मजकूर सुधारलेला असतो, ग्रंथ पूर्वीपेक्षा चांगला झालेला असतो, तरी संदर्भ चुकतो.

लायब्ररींचे नेमके असेच आहे. वेब सर्व्हर हा लायब्ररीतील ठरावीक नावाच्या ठरावीक कामाला हाक मारतो. सहसा आवृत्तीच्या अंकांतील शेवटचा बदलला, तर ते शुद्धिपत्र समजावे. पहिला बदलला, तर नवी आवृत्ती समजावी : जुनी नावे गेलेली असतील, कामाची रीत बदललेली असेल. ओपनएसएसएलची १.१.१ ही आवृत्ती अनेक वर्षे सर्वत्र होती. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ३.० आली आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये १.१.१ चा मोफत आधार संपला. जुन्या आवृत्तीसाठी घडवलेला प्रोग्रॅम नव्या यंत्रावर नेला, तर तो सुरूच होत नाही, ‘१.१ ची फाइल सापडत नाही’ एवढेच म्हणून थांबतो. ३.० समोरच असते, पण त्याच्या संदर्भातला पृष्ठांक जुना असतो.

अपाचेच्या पूरक भागांनाही हाच नियम लागू आहे. २.२ साठी घडवलेले मॉड्यूल २.४ मध्ये चालत नाही. डेबियनने यासाठी एक चांगली युक्ती केली आहे. २.४ साठी घडवलेल्या प्रत्येक मॉड्यूलच्या चिठ्ठीवर २०१२०२११ हा अंक असतो. अपाचेच्या अंतर्गत रचनेची ती ओळखखूण आहे. अपाचेच्या पॅकेजावर तोच अंक असेल तरच मॉड्यूल बसते, म्हणून चुकीची जोडी जुळण्याआधीच अडवली जाते.

एकच गिरणी का?

मग प्रत्येक प्रोग्रॅमने आपली लायब्ररी स्वतःजवळच का ठेवू नये, असे आपण विचाराल. याचे उत्तर २०१४ च्या एप्रिलने दिले. ओपनएसएसएलच्या १.०.१ पासून १.०.१एफपर्यंतच्या आवृत्त्यांत एक चूक असल्याचे तेव्हा उघड झाले. तिला ‘हार्टब्लीड’ असे नाव पडले. ‘जागा आहेस ना?’ अशी खूण दूरच्या संगणकाने पाठवायची आणि सर्व्हरने तेवढाच मजकूर परत पाठवायचा, अशी एक सोय त्यात होती. पाठवणाऱ्याने मजकूर थोडा पाठवून लांबी मात्र मोठी सांगितली, तर सर्व्हर पडताळणी न करता आपल्या स्मृतीतील शेजारचा मजकूरही देऊन टाकी. त्यात परवलीचे शब्द असू शकत, गुप्त किल्ल्याही असू शकत. एका मागणीत ६४ किलोबाइटपर्यंत मजकूर असा बाहेर जाऊ शकत होता.

लायब्ररी समाईक होती म्हणून वितरणांनी एक पॅकेज बदलले आणि त्यावर अवलंबून असलेले अपाचे, एन्जिनएक्स, टपालाचे सर्व्हर असे सारे प्रोग्रॅम एकदम दुरुस्त झाले. ज्यांनी आपली वेगळी प्रत आत बांधून ठेवली होती, त्यांना प्रत्येक ठिकाणी शोधत फिरावे लागले.

या प्रसंगातून आणखी दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. ओपनएसएसएलच्या मंडळींनी ही चूक १.०.१जी मध्ये काढली. त्या वेळच्या डेबियनमध्ये मात्र १.०.१ई होती. डेबियनने नवी आवृत्ती आणली नाही. तेवढी दुरुस्ती उचलून जुन्या आवृत्तीला लावली आणि पॅकेजाच्या शेपटीचा अंक तेवढा वाढवला. जुळलेले घर हलवायचे नाही, फक्त फुटलेली कौले बदलायची, अशी ही रीत आहे. त्यामुळे नुसता पुढचा अंक पाहणाऱ्याला दुरुस्त झालेला सर्व्हर असुरक्षित वाटत राहिला. आजही एखादा तपासनीस अहवाल देतो, की आपल्या अपाचेची आवृत्ती जुनी आहे. तेव्हा वितरणाने ती दुरुस्ती मागे आणून लावली आहे का, हा प्रश्न आधी विचारावा. रेड हॅटच्या घराण्यातही हीच रीत आहे.

दुसरी गोष्ट अशी, की पॅकेज बदलले म्हणजे काम संपले असे नाही. आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमने जुनी लायब्ररी स्मृतीत धरून ठेवलेली असते. त्याला थांबवून पुन्हा सुरू केल्याशिवाय नवी त्याच्या हाती येत नाही. शुद्धिपत्र कपाटात येऊन पडले, पण वाचणारा जुनीच प्रत हातात धरून बसला आहे, अशी ही स्थिती. म्हणून ‘अपडेट केले का?’ याच्या जोडीला ‘नंतर सेवा पुन्हा सुरू केल्या का?’ हेही विचारायला हवे.

साइट बंद पडते ती येथे

आता मुख्य तक्रारीकडे येतो. एका वितरणाच्या आयुष्यात होणारे अपडेट सहसा साइट पाडत नाहीत. ती पडते ती वितरणाची नवी आवृत्ती घेताना, कारण तेव्हा सगळे मजले एकदम बदलतात. तीन उदाहरणे पाहू.

पहिले अपाचेचे. २.२ मध्ये कोणाला प्रवेश द्यायचा हे ‘ऑर्डर’, ‘अलाउ’ आणि ‘डिनाय’ या शब्दांनी लिहीत. २०१२ मध्ये आलेल्या २.४ ने त्याऐवजी ‘रिक्वायर’ हा एकच शब्द आणला. जुने शब्द समजणारे एक तात्पुरते मॉड्यूल दिले होते, परंतु जुने आणि नवे नियम एकत्र झाले की निकाल अनपेक्षित लागतो. पुष्कळांना अपग्रेडनंतर आपल्याच पानावर ‘प्रवेश नाही’ अशी पाटी दिसली. दुरुस्ती दोन ओळींची होती, पण कोणत्या दोन ओळींची, हे माहीत असावे लागे.

दुसरे पीएचपीचे. जुनी संकेतस्थळे डेटाबेसशी बोलताना मायएसक्यूएलची जी कार्ये वापरत, ती २०१३ मध्ये आलेल्या ५.५ मध्ये ‘लवकरच जाणार’ म्हणून जाहीर झाली आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ७.० मध्ये काढून टाकण्यात आली. डेबियन ८ मध्ये पीएचपी ५.६ होती, डेबियन ९ मध्ये ७.० आली. म्हणजे कोणी हौशी सभासदाने २००८ च्या सुमारास लिहिलेले संकेतस्थळ डेबियन ८ वर चालत होते आणि ९ वर कोरे पान दाखवू लागले. यात वितरणाचा दोष नाही आणि त्या सभासदाचाही नाही. पूर्वसूचना दोन वर्षे आधी मिळालेली होती; ती वाचणारे त्या संस्थेत कोणी उरले नव्हते.

तिसरे उदाहरण दोघांच्या जुळणीचे. अपाचेला एकाच वेळी अनेक वाचकांना पाने देण्याच्या दोन-तीन रीती येतात. जुन्या रीतीत प्रत्येक वाचकासाठी एक स्वतंत्र प्रक्रिया राखली जाते. तिला प्रीफोर्क म्हणतात. नव्या, ‘इव्हेंट’ नावाच्या रीतीत थोड्या प्रक्रिया पुष्कळ वाचकांना सांभाळतात आणि स्मृती वाचते. पण पीएचपी अपाचेच्या आत मॉड्यूल म्हणून बसवलेली असेल, तर सहसा जुनीच रीत वापरावी लागते, कारण पीएचपीला लागणाऱ्या साऱ्या लायब्ररी एकाच प्रक्रियेतील अनेक धाग्यांना निर्धोकपणे सांभाळतील याची खात्री नसते. यावर उपाय म्हणजे पीएचपीला वेगळ्या खोलीत बसवणे. पीएचपी-एफपीएम ही तिची स्वतंत्र सेवा अपाचेशी केवळ निरोपांनी बोलते. वेगळी चूल मांडली की दोघांची आवृत्ती स्वतंत्रपणे बदलता येते. एकाच यंत्रावर जुन्या संकेतस्थळासाठी जुनी पीएचपी आणि नव्यासाठी नवी, असेही मग ठेवता येते.

आपली अक्षरे आणि त्यांचा क्रम

आतापर्यंतच्या अडचणी कोणत्याही भाषेच्या संकेतस्थळाला येतात. पुढील दोन मराठी वाचकाला अधिक बोचणाऱ्या आहेत, कारण त्यांत पान उघडते, पण मजकूर बिघडतो.

युनिकोडच्या यूटीएफ-८ या रीतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मायएसक्यूएलमध्ये ८.० येईपर्यंत मूळ गृहीतक मात्र लॅटिन-१ हे होते, ज्यात प्रत्येक अक्षर एका बाइटचे. असंख्य संकेतस्थळांनी मराठी मजकूर पाठवला, डेटाबेसने तो लॅटिन समजून ठेवला आणि लॅटिन समजूनच परत दिला. दोन्ही बाजूंनी एकच चूक झाल्यामुळे पानावर सारे ठीक दिसत राहिले. मग यंत्र बदलले, नव्या आवृत्तीने संपर्काची भाषा यूटीएफ-८ धरली, आणि डेटाबेसने ‘लॅटिन’ मजकुराचे प्रामाणिकपणे रूपांतर केले. परिणाम असा, की ‘म’ या एका अक्षराच्या जागी तीन चिन्हे उमटतात : डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’, चलनाची खूण आणि वर्तुळातला ‘आर’. सगळा लेख अशा चिन्हांनी भरून जातो.

असे दिसले तर घाबरू नये. मूळ बाइट बहुधा शाबूत असतात. मजकूर लॅटिन म्हणूनच बाहेर काढायचा, त्यावरील लेबल बदलून यूटीएफ-८ करायचे आणि पुन्हा आत घ्यायचा, हा सिद्ध उपाय आहे. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी यूटीएफ८एमबी४ हे नाव निवडावे. पथ्य एकच : बिघाड दिसल्यापासून तो दुरुस्त होईपर्यंत कोणीही नवा मजकूर भरू नये आणि जुना ‘दुरुस्त’ करून साठवू नये. अर्धा मजकूर एका रीतीचा आणि अर्धा दुसऱ्या रीतीचा झाला, की एका हुकमाने होणारे काम ओळ न ओळ तपासण्याचे होऊन बसते.

दुसरी अडचण वर्णक्रमाची. क्ष आणि ज्ञ कोठे शोधायचे, याबाबत कोशाकोशांत फरक असतो, हे आपण जाणता. ग्रंथालयाच्या कार्डांचा क्रम एका पद्धतीने लावलेला आहे आणि शोधणारा दुसऱ्या पद्धतीने शोधतो आहे, असे झाले तर कार्ड खणात असूनही सापडत नाही. पोस्टग्रेसएसक्यूएल या डेटाबेसचे असेच झाले. अक्षरांचा क्रम ठरवण्यासाठी तो सामान्यतः जीलिबसीवर अवलंबून राहतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ ने आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेबियन १० आणि रेड हॅट ८ यांत ती आली. डेटाबेसला हात लावला नव्हता, त्याची आवृत्तीही तीच असू शकत होती. पण जुन्या क्रमाने लावलेल्या सूचींत नव्या नियमाने शोध सुरू झाला. असलेली नोंद मिळेना, एकच नोंद दोनदा शिरू शके. उपाय म्हणजे सूची नव्याने बांधणे. अवलंबन चिठ्ठीवर लिहिलेले होते, तरी ‘जुळते’ याचा अर्थ ‘सुरू होते’ एवढाच होता. निकाल तोच येतो की नाही, हे चिठ्ठी सांगत नाही.

अनोळखी पाहुणे

वितरणातील आवृत्ती जुनी वाटली, की बाहेरचे भांडार जोडण्याचा मोह होतो. कधी ते आवश्यकही असते. पण अशा प्रत्येक भांडाराबरोबर आपण आणखी एका मंडळीवर विश्वास टाकत असतो, आणि दोन भांडारांनी एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आणल्या तर वितरणाने केलेली जुळणी मोडते. म्हणून बाहेरची भांडारे मोजकीच असावीत, आणि त्यांतून कोणती पॅकेजे घ्यायची हे व्यवस्थापकाला बजावून ठेवावे. तशी सोय एपीटी आणि डीएनएफ या दोघांत आहे. पॅकेजांवर वितरणाची सही असते आणि ती जुळली नाही तर व्यवस्थापक नकार देतो. ही तपासणी बंद करू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावले, ते ठाऊक असलेल्या वाचकाला सहीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

सही असूनही धोका कसा शिरू शकतो, हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसले. एक्सझेड ही मजकूर दाबून लहान करणारी छोटी लायब्ररी. तिच्या देखभालीत दोनेक वर्षे मदत करून विश्वास मिळवलेल्या, टोपणनावामागे राहिलेल्या कोणा व्यक्तीने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवले. लक्ष्य होते दूरवरून सर्व्हरवर प्रवेश देणारी ओपनएसएसएच ही सेवा. ती स्वतः एक्सझेड वापरत नाही. पण काही वितरणांनी तिला सिस्टमडीच्या लायब्ररीशी जोडले होते, आणि त्या लायब्ररीला एक्सझेड लागत होती. नात्यातल्या नात्यातून चोर घरात आला. आंद्रेस फ्रॉइंट या तंत्रज्ञाला प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले आणि त्याने मागोवा घेत २९ मार्चला ते उघड केले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोचलेच नव्हते. स्थिर वितरण मुद्दाम मागे राहते, त्याचा लाभ असा होतो.

कार्यकारिणीने काय करावे

आता व्यवहाराकडे येऊ. पुढील गोष्टी एका पानावर लिहून संस्थेच्या दप्तरात ठेवाव्यात.

पहिली, सर्व्हरवर कोणते वितरण, कोणती आवृत्ती आहे आणि तिचा आधार कोणत्या तारखेला संपतो. सेंटओएस ८ चा आधार २०२१ च्या ३१ डिसेंबरला संपला, आधी जाहीर केलेल्या मुदतीच्या कितीतरी वर्षे अगोदर. सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला संपला. ज्यांनी तारीख लिहून ठेवली होती त्यांनी अल्मालिनक्स, रॉकी किंवा डेबियनकडे सावकाश स्थलांतर केले. बाकीच्यांना घाईत करावे लागले. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला सर्वसाधारणपणे पाच वर्षे आधार मिळतो. म्हणजे पाच वर्षांतून एकदा हे काम येणारच, असे अंदाजपत्रकात धरावे. इमारतीच्या रंगकामाची तरतूद आपण करतोच.

दुसरी, वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस यांच्या आवृत्त्या, बाहेरून जोडलेली भांडारे, आणि हाताने घडवून बसवलेले काही असल्यास ते. जे व्यवस्थापकाच्या यादीत नाही, त्याची दुरुस्ती आपोआप येत नाही.

तिसरी, सुरक्षेची अपडेट चालू ठेवावीत. वितरणाच्या आतली ही शुद्धिपत्रे आहेत. ती थांबवून साइट सुरक्षित राहत नाही.

चौथी, मोठे अपग्रेड आधी वेगळ्या यंत्रावर साइटची प्रत उतरवून करून पाहावे. प्रत तपासताना मुखपृष्ठ उघडले एवढ्यावर समाधान मानू नये. जोडाक्षरे, र्‍या आणि ऱ्ह, अनुस्वार असलेला एखादा जुना लेख उघडावा, नावाने शोध घेऊन पाहावा, सूचीचा क्रम पाहावा. हे काम तंत्रज्ञापेक्षा आपल्यासारखा वाचकच चांगले करील.

पाचवी, डेटाबेसची प्रत नियमित काढावी आणि वर्षातून एकदा ती दुसरीकडे उतरवून मजकूर वाचता येतो का, हे बघावे. न उघडलेली प्रत ही प्रत आहे असे मानू नये.

सहावी, जे बदलणार नाही ते साध्या रूपात ठेवावे. झालेले व्याख्यान रोज नव्याने डेटाबेसमधून घडवण्याची गरज नाही. त्याचे साधे एचटीएमएल पान किंवा पीडीएफ करून ठेवले, तर त्याला ना पीएचपी लागते ना मायएसक्यूएल. कोणताही वेब सर्व्हर ते देऊ शकतो. जितके नातेवाईक कमी, तितके बिघाड कमी. जुना संग्रह टिकवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग हाच आहे.

सातवी, हे पान एकाच माणसाच्या डोक्यात नसावे. संकेतस्थळ करणारा तरुण नोकरीसाठी परगावी जातो, परवलीचे शब्द त्याच्याबरोबर जातात आणि पुढच्या कार्यकारिणीला सर्व्हर कोठे आहे हेही ठाऊक नसते. दोन पदाधिकाऱ्यांकडे माहिती असावी आणि पदभार देताना किल्ल्यांबरोबर तीही द्यावी.

यांतील एकही गोष्ट फार खर्चाची नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांनी दूरच्या गावी मराठी पुस्तके जमवली, त्यांना पुठ्ठे बांधले, दरवर्षी उन्हात घातली, डांबराच्या गोळ्या ठेवल्या आणि नोंदवहीत प्रत्येकाचा क्रमांक लिहिला. सर्व्हरवरच्या मजकुराला तेवढीच निगा लागते. येत्या सभेत संकेतस्थळाचा विषय निघाला, तर पहिला प्रश्न एवढाच विचारावा : आपल्या सर्व्हरचा आधार कोणत्या तारखेपर्यंत आहे?